मेलेली अंडी वाचणारे पास्कू मास्तर

पास्कू मास्तर एखाद्या घरी आले म्हणजे त्या घरात काहीतरी मेलेलं असायचं. हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही. त्यांचं कामच तसं होतं. इनक्युबेटरमध्ये ठेवलेल्या अंड्यांतून एकवीस दिवस उलटले तरी पिल्लं निघाली नाहीत, की तोंडवलीपासून आमच्या वाडीपर्यंतचे लोक त्यांनाच बोलावत. मास्तर सायकलवरून येत, पडवीत बसत, पिशवीतून पांढरी एनॅमलची थाळी काढत आणि न फुटलेली अंडी एकेक करून तिच्यात फोडत. आधी प्रत्येक अंडं नाकाशी धरून हुंगत. मग फोडलेल्यांची लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावत, बॅटरीच्या उजेडात बघत राहत आणि शेवटी कुठलं पिल्लू कितव्या दिवशी मेलं ते सांगत. घरातली बायकामुलं तोपर्यंत आत पळालेली असायची.

ते मास्तर नव्हतेच. हायस्कुलात प्रयोगशाळेत मदतनीस होते, बरण्यांतले बेडूक आणि साप सांभाळायचे. पण वर्गावरच्या शिक्षकांपेक्षा त्यांनाच जास्त येतं असं पोरांचं मत होतं, म्हणून पोरांनी त्यांना मास्तर केलं आणि गावानंही ते मान्य केलं. बायको वारलेली, मुलगी गोव्याला दिलेली. उंच, वाकलेले, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना मासे धरायच्या गरीची नायलॉनची दोरी बांधून तो गळ्यात अडकवलेला. स्वतःचा साबण डबीतून आणायचे, आणि त्यानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचे नाहीत. अंडं मात्र कुठल्याही रूपात खायचे नाहीत. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "अंडा बघलां की माका तारीख दिसता." काम संपलं की थाळीतलं सगळं माडाच्या मुळाशी खड्डा करून स्वतः पुरायचे, आणि माती लोटून झाली की अंगठ्यानं छातीवर एक छोटासा क्रूस काढायचे, कुणी बघत नाही असं समजून. आम्ही बघायचो आणि हसायचो.

मी पहिल्यांदा त्यांना बोलावलं ते माझ्याच मूर्खपणामुळे. मी कणकवलीला कॉलेजच्या ऑफिसात आहे, शनिवारी घरी येते. आमच्या पट्ट्यात पर्यटक वाढले तशी गावठी कोंबडीला मागणी आली आणि वाडीत जो तो इनक्युबेटर आणू लागला. मीही आणला. आई सांभाळील, मी शनिवारी बघीन, असा बेत. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, तळाची ताटली पाण्यानं भरलेली ठेवा. मी हुकूम पाळणारी बाई. भर श्रावणात रोज भरलेली राहील अशी ताकीद आईला दिली. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. पाच पिल्लं कशीबशी निघाली, बाकी सगळी अंडी थंडगार.

मास्तरांनी ती फोडली. आत पुरी वाढलेली, पिसं आलेली पिल्लं होती, चोच वर करून, ओलीचिंब, सुजलेली. त्यांनी पुस्तिका मागून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि मला परत दिली. म्हणाले, हे लिहिणारा माणूस कोरड्या मुलखातला दिसतो. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, तिथं यंत्रात आणखी पाणी कशाला? अंड्यातलं पाणी थोडं थोडं उडून जावं लागतं, तरच आत हवेची जागा होते आणि पिल्लाला पहिला श्वास घेता येतो. इथं ते उडायला वावच नव्हता. "बुडान मेली ती, बाय," ते म्हणाले, "अंड्यातल्या अंड्यात." पुढच्या खेपेला त्यांनी ताटली अठराव्या दिवसापर्यंत कोरडी ठेवायला लावली, आणि दर आठवड्याला अंड्यामागे बॅटरी धरून हवेची जागा पेन्सिलीनं आखून घेतली. त्या वेळी जवळजवळ सगळी पिल्लं निघाली. मी त्यांना भक्तिभावानं चहा दिला.

एका घरी यंत्राच्या एका कोपऱ्यातलीच अंडी मरत होती. मास्तरांनी त्या अंड्यांच्या टरफलावरचे तांबूस डाग बघितले आणि घरातल्या म्हातारीकडे बघितलं. आमच्याकडे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, नाहीतर गडगडाटानं अंडी नासतात म्हणे. म्हातारीनं यंत्रातही कोयता ठेवला होता, पंख्याला अगदी टेकवून. त्या कोपऱ्यात वाराच पोचत नव्हता. तिच्या मुलानं आवाज चढवला तसं मास्तरांनी त्याला हातानं थांबवलं, कोयता उचलून यंत्राच्या झाकणावर बाहेरून ठेवला आणि म्हातारीला सांगितलं, लोखंड बाहेरूनही तेवढंच राखण करतं. म्हातारी खूश झाली. माणसांच्या समजुतीला धक्का न लावता अंडी वाचवायची ही त्यांची रीत होती, आणि ती बहुतेक ठिकाणी चालून जायची.

ती एकदा चालली नाही, तोंडवलीकडच्या एका घरी. तिथली सगळी अंडी चौदाव्या दिवशी मेली होती. मास्तरांनी बोटांवर मागे मोजलं आणि सगळ्यांसमोर सहज सांगून टाकलं, गेल्या मंगळवारी दुपारभर हे यंत्र बंद होतं. त्या मंगळवारी वीज गेलेली नव्हती. सगळं घर लग्नाला गेलं होतं आणि अंगात कणकण आहे म्हणून सून एकटी मागे राहिली होती. घर बंद करून बाहेर पडताना मेन स्विच खाली करायचा ही आमच्याकडची जुनी सवय, हात आपोआप जातो. म्हणजे सून त्या दुपारी घरात नव्हती. कुठे होती ते तिनं सांगितलं नाही. महिन्याभरानं तिला माहेरी धाडली, ती परत आलीच नाही.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते दोन महिने कुणाकडे गेले नाहीत. मी त्यांना एकदा चर्चच्या पायरीवर गाठून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तारीख सांगितली आणि तेंनी बाईमाणूस घराभायर काढल्यानी." त्यानंतर ते येऊ लागले, पण बदलून. अंडी फोडायची, ओळ लावायची, आणि बोलायचं काहीच नाही. नंतर घरातल्या एकाच माणसाला विहिरीकडे नाहीतर माडाखाली नेऊन हळू आवाजात काय ते सांगायचं. त्यामुळे लोक त्यांना आणखीच बिचकू लागले. माझ्या आईनं तर मला बजावलंच होतं, त्या माणसाला फार घरात घेऊ नकोस, त्याची नजर चांगली नाही. मीही मान हलवली होती.

आणि मग आमच्या घरी आषाढ आला. माझा भाऊ जहाजावर असतो. वहिनीला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगा झाला. आईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. गेल्या वर्षी भावानं जुन्या घराला लागून स्लॅबची नवी खोली बांधली होती, गुळगुळीत फरशी, ॲल्युमिनियमची सरकत्या काचांची खिडकी. ग्रील तेवढं बसवायचं राहिलं होतं. तीच बाळंतिणीची खोली ठरली. सकाळ-संध्याकाळ आंघोळ झाली की करवंट्यांच्या निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली, दार बंद, खिडकी बंद, वारा म्हणून लागता कामा नये. चाळीस दिवस. आणि एवढी ऊब एका खोलीत असताना इनक्युबेटर गारठ्यात पडवीत कशाला, असा विचार करून आईनं तोही उचलून तिथंच ठेवला. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बरं केलंस.

बारशाच्या नंतरच्या शनिवारी मी घरी आले आणि अंडी बॅटरीवर धरली. यंत्रात तीन खेपांची अंडी होती, एकेका आठवड्याच्या अंतरानं ठेवलेली, प्रत्येकीवर मास्तरांच्याच शिस्तीनं पेन्सिलची तारीख. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मोठ्या अंड्यात पिल्लू चुळबुळतं. मला एकाही अंड्यात काही हलताना दिसलं नाही. आई वैतागली, पण फार नाही. तिचं सगळं लक्ष नातवात. सांगत होती, किती शहाणं पोर आहे बघ, रडतच नाही, दूध प्यायलाही उठवावं लागतं. वहिनी मात्र भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. डोकं दुखतं म्हणाली. सकाळी उलटी झाली होती. आईनं तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या.

मास्तर दुपारी आले. परका पुरुष बाळंतिणीच्या खोलीत जात नाही, तेव्हा ते पडवीतच बसले आणि मी टोपली बाहेर आणून दिली. त्यांनी प्रत्येक खेपेतली तीन-तीन अंडी फोडली आणि थाळीत ओळ लावली. मग ते इतका वेळ बघत राहिले की मला पाय बदलून उभं राहावं लागलं. यंत्र कुठं ठेवलंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या खोलीत झोपतं कोण? तेही सांगितलं. बाळंतीण कशी आहे? मी डोकेदुखीचं आणि उलटीचं सांगितलं. बाळ रडतं का, त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, नाही, फार गुणी आहे. त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला आणि ते उठले.

ते मला विहिरीकडे घेऊन गेले. "बाय, तीन वयाची अंडी आसत," ते म्हणाले, "आणि तिनय एकाच दिवशी मेली. काल नाय तर परवा. वयान मेली नाय ती. उष्णता बरोबर आसा, पाणी बरोबर आसा, लाईट गेलेली नाय. उरली ती हवा."

मला काही समजेना. मी म्हटलं, मास्तर, आईनं आम्हा तिघांना ह्याच शेगडीवर शेकलंय.

"तेवा कौलां होती. धूर, वाफ, सगळां कौलांतसून भायर जाय. ह्यो स्लॅब. हवा जातली खंय?" तोंडवलीच्या त्या सुनेची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. कुणाच्या घरातली गोष्ट उघडी करायची नाही, ही शपथ त्यांना आता आतून कुरतडत होती. "माका नक्की म्हायत नाय. पण नक्की कळासर थांबान चलाचां नाय. शेगडी भायर काढ आणि खिडकी उघडी ठेव. आजच."

मी आत जाऊन आईला सांगितलं. आई भडकली. अंडी मेली म्हणून माणसं मरतील असं बोलणारा हा कोण, आणि बाळंतिणीच्या खोलीविषयी पुरुषानं बोलायचंच कशाला? तिचा शेवटचा प्रश्न मला होता. "ह्याच शेगडेवर तुमका तिघांक वाढयलंय. मेलात काय कोण?" तरी मी खिडकी वीतभर सरकवली. मास्तर अंगणातून ते बघत होते. खिडकी उघडली तशी त्यांनी मान हलवली, मेलेली अंडी माडाखाली पुरली आणि सायकल घेऊन गेले.

संध्याकाळी वारा सुटला. पावसाचे तुषार आत आले आणि बाळ दोनदा शिंकलं. आई माझ्याकडे बघत राहिली. वहिनीनं अंगावरची गोधडी गळ्यापर्यंत ओढली. मी उठले आणि खिडकी बंद केली. आईनं नाही, मी.

रविवारी सकाळी मिस्सा सुटल्यावर मास्तर घरी न जाता तडक आमच्याकडे आले, चर्चच्या कपड्यांत, भिजत. आत शेक चालू होता, दार बंद होतं. त्यांनी अंगणातून खिडकीकडे बघितलं. आई दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या घरातलं आम्ही बघू. मास्तर खोलीला वळसा घालून खिडकीकडे गेले. मग मला ॲल्युमिनियम खरखरल्याचा आवाज आला. मी तिकडे धावले तर मास्तरांनी एक काच रुळातून उचलून काढली होती आणि दुसरी काढत होते. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ घट्ट मिटलेले. माझ्यामागून आई ओरडत आली, चोर, चोर म्हणून. मास्तरांनी दोन्ही काचा एकावर एक डोक्यावर घेतल्या आणि शेताच्या बांधावरून चालू लागले. परत आणून बसवू नयेत म्हणून ते त्या घेऊन चालले होते. एवढं मला तेव्हाही कळलं.

मी खिडकीतून आत हाक मारली. वहिनीनं ओ दिली नाही. पुन्हा मारली. मग मी दाराकडे पळाले.

ती बाजेवर कुशीवर पडली होती आणि हलवली तरी जागी होत नव्हती. बाळ तिच्या हाताशी, कापडासारखं सैल. शेजाऱ्यांनी दोघांना उचलून पडवीत आणलं, मग रिक्षातून मालवणला, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. कोळशाच्या वायूमुळं झालं, डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी दुपारपर्यंत शुद्धीवर आली. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावून, नऊ दिवस. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत जाऊन पेटीकडे बघणं तिला नऊ दिवसांत एकदाही जमलं नाही. घरी आल्यावर तिनं शेगडी स्वतःच्या हातानं नेऊन परसात टाकली, पण मास्तरांचं नाव घेतलं नाही.

वाडीनं मात्र घेतलं. काचा मास्तरांनी बांधापलीकडच्या आमच्याच मांगरात, शेतातल्या खोपटात, नीट उभ्या करून ठेवल्या होत्या, त्यामुळं चोरीचं बोलणं दोन दिवसांत थांबलं. दुसरं सुरू झालं. त्यांनी तोंडातून काढलं आणि दुसऱ्या दिवशी झालं, असं लोक म्हणायला लागले. आधी अंड्यांत बघितलं आणि मग बाळंतिणीवर आलं. दवाखान्याचे कागद आमच्या घरात होते, डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, आणि दुकानात, पाणवठ्यावर हे बोलणं चालायचं तेव्हा मी गप्प राहायचे. फार तर म्हणायचे, तसं काही नसावं. त्यांना बोलावणं बंद झालं. अंडी मरत राहिली, लोक यंत्रं बदलत राहिले. मास्तर आजारी आहेत असं एकदा कानावर आलं. मी शनिवारी जाईन म्हटलं आणि गेले नाही.

दिवाळीनंतर कणकवली डेपोत मला ते दिसले. पणजीच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी मुलगी, पायाशी दोन बॅगा. खूप वाळले होते, शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल झालेली. मुलगी कायमचं घेऊन चालली होती त्यांना. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी वहिनीची चौकशी केली, मी बरी आहे म्हटलं. मग ते माझ्याकडे बघत राहिले, त्यांना पुढचं विचारायचं धाडस होईना. मीच सांगितलं, बाळ दूध पितं, हसतं, पण मान अजून धरत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर बघावं लागेल, आत्ता काही सांगता येत नाही.

मास्तरांनी डावा हात पुढे धरला आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला लागले, तारीख काढताना फिरवत तसा. "शनवार सांज ते आयतवार सकाळ," ते म्हणाले. "एक रात. खिडकी उघडलेली बघून मी गेलंय, बाय. माझी चूक ती. शनवारीच काचो काढून नेवक होयो होतो."

खिडकी मी बंद केली होती. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गाडी लागली. मुलीनं बॅगा उचलल्या, मास्तर दांडा धरून हळूहळू वर चढले आणि खिडकीपाशी बसले. त्यांचा अंगठा अजून पेरांवरून फिरत होता. मी गाडीच्या खिडकीखाली उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. कंडक्टरनं घंटी मारली. मी हात हलवला.